पडघ्याच्या गोडाऊनमधले रोबोट : कामाच्या नोंदी

२ जून २०२५

बारा रोबोट आज उतरले. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, त्यामुळे डॉकवर, म्हणजे गाड्यांतून माल उतरवायच्या फलाटावर, प्रत्येक खोक्यावर ताडपत्री धरून दोघं उभे. कलल्यावर लाल होणारे स्टिकर सगळ्या खोक्यांवर पांढरेच आहेत, म्हणजे वाटेत कुणी खोकी आडवी टाकलेली नाहीत.

पुढे या नोंदी वाचणाऱ्यासाठी जागेची माहिती. मुंबई–नाशिक महामार्गालगतचं, पडघ्याजवळचं गोडाऊन. माल साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं. रॅकच्या खालच्या कप्प्यांतून हाताने पिकिंग होतं, वरच्या कप्प्यांत राखीव पॅलेट असतात आणि ते रीचट्रकने, म्हणजे उंचावरून माल उतरवणाऱ्या काटेगाडीने, खाली येतात. आजवर पिकर ढकलगाडी घेऊन पूर्ण ऑर्डर गोळा करायचा आणि पॅकिंगच्या टेबलापर्यंत स्वतःच न्यायचा. आता तो आपल्या दोन-तीन गल्ल्यांतच राहील. रोबोट क्रेट घेऊन बिनपाशी, म्हणजे मालाच्या कप्प्यापाशी, येऊन थांबेल, पडद्यावर वस्तू आणि नग दाखवेल, माणूस स्कॅन करून माल क्रेटमध्ये टाकेल आणि रोबोट पुढच्या बिनकडे निघेल.

क्लायंटच्या मॅनेजरांना मुळात दुसरंच हवं होतं. अख्खं कपाट पाठीवर घेऊन माणसापाशी आणणारे अॅमेझॉनचे रोबोट त्यांनी व्हिडिओत पाहिलेत. ती किवाची पद्धत. किवा सिस्टिम्स अॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तिथे जमिनीवर चिकटवलेले कोड वाचत रोबोट चालतात आणि त्या पट्ट्यात माणसांना प्रवेश नसतो, सगळं जाळीच्या आत. सुरक्षेचा प्रश्न माणसाला बाहेर ठेवून सोडवलेला. त्या खरेदीनंतर बाहेरच्या कंपन्यांना किवाचे रोबोट मिळेनासे झाले. किवावर काम चालवणाऱ्या क्वाएट लॉजिस्टिक्सने मग स्वतःच वेगळे रोबोट बनवायला घेतले आणि त्यातून लोकस रोबोटिक्स निघाली. माणूस गल्लीतच ठेवायचा आणि रोबोट त्याच्याकडे पाठवायचा, ही त्यांची वाट. आमचे रोबोट त्या कंपनीचे नाहीत, पण जात तीच. रॅक हलवावे लागत नाहीत, फरशी उकरावी लागत नाही. माणूस मात्र बाहेर ठेवता येत नाही, आणि माझं काम तिथूनच सुरू होतं.

५ जून

रात्रपाळीत नकाशा घेतला. एक रोबोट रिमोटवर प्रत्येक गल्लीतून हळूहळू फिरवायचा. त्याचा लेझर फिरत फिरत अंतरं मोजतो आणि त्यातून भिंती, खांब, रॅकचे पाय यांची आकृती तयार होते. पुढे रोबोट समोर दिसणारी आकृती या नकाशाशी ताडून पाहतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो.

रॅकचे पाय उत्तम खूण आहेत, ते जागचे हलत नाहीत. थप्प्यांचं तसं नाही. डॉकसमोरच्या मोकळ्या जागेत बिस्किटांच्या थप्प्या लागतात आणि त्या सकाळी एक, संध्याकाळी दुसरीच. नकाशात थप्पी भिंत म्हणून बसली आणि दुसऱ्या दिवशी ती भिंतच ट्रकमध्ये चढून इंदूरला गेली, तर रोबोट गोंधळणारच. तो सगळा भाग नकाशातून खोडला आणि तिथल्या खांबांवर परावर्तक पट्ट्या लावून घेतल्या.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा आज सुरू झाला. आमणे इथून जवळच. नागपूरच्या गाड्या आता लवकर येतील की आणखी एकगठ्ठा येतील, यावर डॉकवर रात्रभर वाद चालला होता.

९ जून

सुरक्षेच्या चाचण्या. आधी हिशेब.

रोबोटचा कमाल वेग सेकंदाला १.५ मीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत ०.३ सेकंद धरले तर तेवढ्यात तो ४५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. त्यानंतर सेकंदाला १ मीटरने वेग कमी होत गेला तर थांबेपर्यंत आणखी ११२ सेंटिमीटर. एकूण दीड मीटरच्या वर. तोच रोबोट ०.८ मीटरच्या वेगाने चालवला तर हे अंतर ५६ सेंटिमीटरवर येतं. वेग निम्म्याच्या आसपास, थांबायचं अंतर जवळजवळ एक तृतीयांश.

रोबोटच्या पुढचा संरक्षणाचा पट्टा या अंतरावरून ठरतो. वेग जास्त तर पट्टा लांब, आणि पट्टा लांब तर त्यात माणसाचा पाय येण्याची शक्यता जास्त. आमची गल्ली २.४ मीटर रुंद. पूर्ण वेगात ठेवलेला रोबोट तिथे पाच पावलांवर कुणी वाकलं तरी हळू होतो, जवळ गेल्यावर थांबतो, मग पुन्हा वेग घेतो. ०.८ वर ठेवलेला सरळ चालत राहतो आणि बऱ्याचदा पहिल्याच्या आधी पोहोचतो. क्लायंटला हे कागदावर पटेना, म्हणून दोन रोबोट शेजारच्या गल्ल्यांत सोडून दाखवले. गल्ल्यांत ०.८ आणि पॅकिंगकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर १.५, असं ठरलं.

मग आयएसओ ३६९१-४ प्रमाणे चाचणी. चालकाविना धावणाऱ्या औद्योगिक गाड्यांसाठीचं हे मानक २०२० चं, २०२३ मध्ये सुधारलेलं. त्यात दोन नळकांडी वापरतात: एक २० सेंटिमीटर जाड आणि ६० सेंटिमीटर लांब, ते आडवं ठेवायचं. दुसरं ७ सेंटिमीटर जाड आणि ४० सेंटिमीटर उंच, ते उभं. पडलेला माणूस आणि उभ्या माणसाचा पाय, असा त्यांचा अर्थ. दोन्ही वेळा रोबोट वेळेत थांबला.

आमची खरी अडचण या नळकांड्यांत बसत नाही. सुरक्षा स्कॅनरचा पट्टा जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर आडवा फिरतो. रिकाम्या हँडपॅलेटचे (पॅलेट ओढायच्या हातगाडीचे) काटे खाली टेकवलेले असले की त्यांची उंची साडेआठ सेंटिमीटर. स्कॅनरच्या दृष्टीने तिथे काहीही नाही. उलट बाजूला रीचट्रकने कमरेएवढे उचलून धरलेले काटे, तेही त्याला दिसत नाहीत. रोबोटच्या कपाळावरचा कॅमेरा खालचे काटे बहुतेक वेळा पकडतो, पण कॅमेऱ्याला सुरक्षेचं प्रमाणपत्र नाही आणि ‘बहुतेक वेळा’वर मी सही करणार नाही. हँडपॅलेट उभं करायच्या जागा गल्लीबाहेर पिवळ्या रंगाने आखल्या. रीचट्रक ज्या गल्लीत शिरेल ती गल्ली रोबोटांना बंद, तो बाहेर पडेपर्यंत. त्यासाठी रीचट्रकवर टॅग बसवायचे आहेत.

१२ जून

मुकादमांबरोबर बसणं झालं. हे खरं तर रोबोट यायच्या आधी व्हायला हवं, असा माझा आग्रह होता. वर कुणाला त्याची घाई वाटली नाही.

बाहेरून येणाऱ्या गाड्यांची चढउतार माथाडींची टोळी करते. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यापासून ही चौकट आहे: टोळीची नोंदणी माथाडी मंडळाकडे, मजुरी आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) मंडळात भरायची, तिथून कामगाराला. दर नगावर किंवा टनावर ठरतो आणि त्या दरात माल गाडीतून काढून कुठवर नेऊन ठेवायचा हेही धरलेलं असतं. मुकादम सातारकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी रोबोट कसा चालतो हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न: “तुमची गाडी डॉकवर येणार का? आली तर आमच्या दरातलं अंतर कोण कापणार?”

प्रश्न रास्त होता. डॉक ते थप्पी हा टप्पा रोबोटला दिला की पुढच्या करारात कुणीतरी म्हणणारच, आता चालणं कमी झालं, दरही कमी करा. रोबोट डॉकच्या पिवळ्या रेषेपलीकडे जाणार नाहीत, असं लिहून दिलं आणि नकाशातही तो भाग बंद केला. क्लायंटचे मॅनेजर थोडे नाराज झाले. त्यांच्या डोक्यात दुसरा टप्पा होता.

मुकादमांचं दुसरं म्हणणं मी जसंच्या तसं टिपून ठेवते: “मॅडम, माणूस ओझं घेऊन निघाला की त्याला मधी थांबिवता येत न्हाई. रिकामा थांबंल. तुमच्या गाडीनं वळखलं पायजे कोण रिकामा, कोण भरलेला.”

रोबोटला ते ओळखता येत नाही.

१७ जून

चौथ्या गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटचा सांधा उखडलाय. चाक आपटलं की क्रेटमधल्या शाम्पूच्या बाटल्या उड्या मारतात. सांधा भरायला सांगितला. तोपर्यंत तिथे वेग ०.३.

२५ जून

माणसांसह चालवायला सुरुवात होऊन काही दिवस झाले.

भीती कुणालाच नाही. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की पाय पुढे केला की गाडी थांबते. मग पाय पुढे करणं हीच पद्धत झाली. चहाला निघालेलं टोळकं रोबोटच्या समोरून आरामात जातं, रोबोट ताटकळत उभा. तरुण पोरं मुद्दाम अडवतात, त्याचा ‘कृपया वाट द्या’ असा आवाज ऐकायला. ते आठवड्यात ओसरेल. लाल बटणाचं प्रकरण ओसरणारं नाही.

प्रत्येक रोबोटवर आणीबाणीचं लाल बटण आहे. ते दाबलं की मोटरची वीज तुटते आणि सुपरवायझरने येऊन चालू केल्याशिवाय रोबोट हलत नाही. माणसं ते बटण रोबोट जरा बाजूला हवा म्हणून दाबतात. गल्लीत हँडपॅलेट न्यायचंय, रोबोट मध्ये उभा आहे, करणार काय? शिस्तीच्या नोटिसा लावून काही होणार नव्हतं, कारण माणसाची गरज खरी होती आणि त्याच्या हाताशी तेवढं एकच बटण होतं. पडद्यावर दुसरं मोठं बटण दिलं: ‘बाजूला हो’. दाबलं की रोबोट जवळच्या मोकळ्या खोबणीत सरकतो आणि वाट मोकळी झाली की परत येतो. लाल बटणाचा वापर लगेच खाली आला. पडद्यावर मराठी आणि हिंदी दोन्ही ठेवलंय, बाण मात्र सगळ्यांनाच वाचता येतो.

३ जुलै

चौक. प्रकल्पातलं सगळ्यात अवघड ठिकाण हेच आहे, आणि मूळ आराखड्यात त्यासाठी एक ओळ होती.

मधला आडवा रस्ता जिथे पिकिंगच्या गल्ल्यांना आणि डॉककडून येणाऱ्या वाटेला मिळतो, तिथे पिकर, रीचट्रक, टोळी आणि रोबोट सगळे एकत्र येतात. रोबोटांचे आपसातले नियम मध्यवर्ती संगणक पाहतो. कोण आधी, कोण थांबेल, हे तिथे ठरतं. माणसांना त्या नियमांचा पत्ताही नसतो. चौकात दोन माणसं समोरासमोर आली की नजरानजर होते, एखादा मानेने खुणावतो आणि प्रश्न सुटतो. रोबोटला मान नाही. तो थांबला की माणूसही थांबतो, मग दोघं एकदम निघतात, रोबोट पुन्हा थांबतो. ‘पहले आप’चा खेळ.

वेगवेगळ्या युक्त्या करून पाहिल्या. आवाजाचा उपयोग नाही. रीचट्रकचे भोंगे आणि पत्र्यावरचा पाऊस यांत तो बुडतो, आणि सारखं बोलणाऱ्या गाडीकडे कान आपोआप दुर्लक्ष करतो. उपयोग झाला तो रोबोटच्या पुढे जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्याचा. रोबोट ज्या दिशेला वळणार तिकडे पट्टा आधी वळतो. माणसं रोबोटच्या तोंडाकडे पाहत नाहीत, जमिनीकडे पाहतात. पट्टा आपल्या वाटेत नाही एवढं दिसलं की चाल न बदलता निघून जातात.

मुकादमांच्या मुद्द्याचा निकाल असा लावला: डॉककडून येणाऱ्या वाटेवर रोबोटने कायम थांबायचं, मग समोरचा रिकामा असो की भरलेला. गल्ल्यांकडून येणाऱ्या वाटेवर रोबोट थांबत नाही, फक्त हळू होतो, आणि माणसाने पट्टा पाहून जायचं. सगळीकडेच रोबोटने नमतं घेतलं तर पाळी बदलताना तो चौक ओलांडूच शकत नाही, हे दिसून आलं होतं. आणि पाळी बदलायची वेळ, जेवण, चहा या वेळांना रोबोट चौकात येतच नाहीत, आपापल्या चार्जरवर जातात. बॅटरी लिथियमची आहे, अधूनमधून थोडं थोडं चार्ज केलेलं तिला चालतं. माणसांच्या सुट्टीतच रोबोटांचीही सुट्टी.

१५ जुलै

रोबोटने नेमून दिलेली वाट मोकळी नसेल तर दुसरी शोधायची मुभा काढून घेतली. विक्रेत्याच्या इंजिनियरला पटलं नाही. स्वतः वाट शोधणं हेच तर या यंत्राचं वैशिष्ट्य, जुन्या चुंबकी पट्टीवरच्या गाडीत आणि याच्यात मग फरक काय? कागदावर त्याचं बरोबर आहे. पण काल उजवीकडून गेलेला रोबोट आज डावीकडून आला की खाली उकिडवी बसलेली बाई दचकते. दोन मिनिटं उशीर चालेल. तो कुठून येणार हे तिला पाठ असलं पाहिजे.

१९ ऑगस्ट

कालपासून मुंबई-ठाण्यात रेड अलर्ट. निम्मी माणसं पोहोचली नाहीत, गाड्या महामार्गावर अडकल्या. डॉकची शटर उघडी ठेवल्यामुळे वाऱ्याने पाणी आत वीसेक फुटांपर्यंत आलं. ओल्या फरशीवर चाकांची पकड सुटते, आणि थांबायच्या अंतराचा जूनमधला सगळा हिशेब कोरड्या फरशीचा. आज ‘पावसाळी मोड’ बनवला: सुपरवायझरने एक बटण दाबलं की डॉककडच्या पट्ट्यात वेग ०.३ वर येतो आणि चौकाच्या पुढे एकही रोबोट जात नाही. सेन्सरवर सोपवता आलं असतं, पण फरशी ओली आहे हे सांगायला माणूस पुरेसा आहे आणि तो तिथेच उभा असतो.

३० ऑगस्ट

गणपतीत कोकणातली माणसं गावी. दिवाळीचा साठा मात्र भरत चाललाय आणि त्याबरोबर एक नवं दुखणं: सहाव्या आणि सातव्या गल्लीत रोबोट मध्येच उभे राहतात, पडद्यावर ‘संपर्क नाही’.

वाय-फायची पाहणी कंत्राटदाराने एप्रिलमध्ये केली होती, रॅक अर्धे रिकामे असताना. आता त्या गल्ल्यांत छतापर्यंत शाम्पू आणि हँडवॉश आहे. लोखंडी रॅक लहरी परतवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण द्रव पदार्थ लहरी शोषून घेतात हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. शाम्पू म्हणजे शेवटी बहुतांश पाणीच. छताला मध्यभागी टांगलेले अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रं) गल्लीच्या दोन्ही टोकांना, खालच्या उंचीवर आणले. बरं आहे.

४ सप्टेंबर

काल जीएसटी परिषदेचा निर्णय आला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर, २२ तारखेपासून. आमचं अख्खं गोडाऊन याच मालाचं. संध्याकाळपर्यंत वितरकांनी ऑर्डरी थांबवल्या. रोबोट चार्जरवर ओळीने उभे आणि पिकर गप्पा मारतायत.

२४ सप्टेंबर

क्लायंटने जुन्या साठ्यावर नव्या किमतीचे स्टिकर लावायचं ठरवलंय. त्यासाठी कंत्राटावर माणसं आली, टेबलं आली, आणि टेबलं कुठे लागली? जिथे जागा मोकळी दिसली तिथे, म्हणजे बरोबर रोबोटांच्या वाटेत. मोकळी जागा रिकामी आहे असंच कुणालाही वाटतं. ती कुणाची तरी वाट आहे, हे सांगायला तिथे रोबोट उभा नव्हता, कारण टेबल लागलं तेव्हा तो दुसऱ्या गल्लीत होता.

टेबलं हलवायची नाहीत असं वरून आलं. नकाशात तीन वाटा बंद करून बाकीच्या एकेरी केल्या. जुलैत वाटा नेमून दिल्या नसत्या तर आज प्रत्येक रोबोटने स्टिकरवाल्यांच्या पायांतून आपापली वाट काढली असती.

१ ऑक्टोबर

उद्या दसरा, सुट्टी, म्हणून पूजा आजच खंडेनवमीला. रीचट्रक, वजनकाटा, स्टिकरचं प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. रोबोटांनाही. पूजा झाल्यावर बाराही रोबोट सुरू केले आणि बाराही लाल दिवा लावून उभे. माळा स्कॅनरसमोर लोंबत होत्या. रोबोटच्या दृष्टीने नाकासमोर माणूस उभा होता. माळा वर पडद्याच्या खांबाला गुंडाळून बांधल्या. विक्रेत्याच्या मदतकेंद्राला आमच्याकडून बारा तक्रारी एकाच मिनिटाला गेल्या आणि तिथून घाबरून फोन आला. झेंडू म्हणजे काय हे समजावण्यात बराच वेळ गेला.

९ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी टिपेला. रोबोट नीट चाललेत, याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते टार्गेटबद्दल.

क्लायंटचा मेल आला: पिकरचं चालणं आता जवळपास संपलं, तर तासाचं टार्गेट त्या प्रमाणात वाढवा. गुणाकार करून आकडाही दिलाय. गणितात चूक नाही. फक्त पिकर चालताना काय करत होता, हे त्या गणितात नाही.

मी तीन पाळ्या गल्लीत उभी राहून पाहिलं. ढकलगाडी असताना वाकणं, उचलणं, मग चालणं, पुन्हा वाकणं असा क्रम होता. चालताना पाठ सरळ होत होती, मनगट मोकळं होत होतं. आता वाकणं, उचलणं, वाकणं, उचलणं. चालणं गेलं ते कष्ट म्हणून गेलं, पण तीच विश्रांतीही होती. एकीने सांगितलं, पाय दुखायचे थांबले, खांदा दुखायला लागला.

हे नवं नाही. अमेरिकेत रिव्हील या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२० मध्ये अॅमेझॉनच्या अंतर्गत नोंदी मिळवून प्रसिद्ध केल्या. २०१६ ते २०१९ या काळात रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबोट नसलेल्यांपेक्षा ५० टक्क्यांहून अधिक जास्त होतं. तिथे पिकरकडून तासाला साधारण १०० वस्तूंऐवजी ४०० पर्यंत वस्तूंची अपेक्षा केली जाऊ लागली होती, असंही त्यात होतं. आणि ते जाळीतले रोबोट, माणसाला धडकण्याचा प्रश्नच नव्हता. रोबोटने कुणाला धक्काही न लावता माणसं जखमी झाली. आम्ही जूनपासून धडक टाळण्यावर एवढं काम केलं, नळकांडी ठेवून चाचण्या घेतल्या. टार्गेटसाठी कुठलंही नळकांडं नाही.

दुसरी गोष्ट मला सुचली नव्हती, ती पाचव्या गल्लीतल्या ताईंनी सांगितली. “मॅडम, मागे तीन गाड्या उभ्या राहिल्या ना, की पाणी प्यायला पण जाववत नाही. काही बोलत नाहीत त्या, पण उभ्या आहेत ना.” संगणकाच्या दृष्टीने रांग म्हणजे कार्यक्षमता, माणूस मोकळा झाला की पुढचा रोबोट तयार. माणसाच्या दृष्टीने रांग म्हणजे पाठीवर ठेवलेलं डोळ्यांचं ओझं.

आजच बदल केला: एका पिकरपाशी एकच रोबोट, दुसरा गल्लीच्या तोंडाबाहेर, नजरेआड थांबेल. विक्रेत्याने बजावलं की काही सेकंद वाया जातील. जाऊ देत.

क्लायंटला कळवलेलं, नोंदीसाठी:

पाच लिटरचे कॅन तळाच्या कप्प्यातून कमरेच्या उंचीवर आणायचे, सगळ्यात जास्त खपणारा मालही तिथेच. दर दोन तासांनी पिकिंग आणि पॅकिंग यांत माणसं बदलायची. रोबोटची वाट पाहण्यात गेलेला वेळ पिकरच्या नावावर मांडायचा नाही. आणि टार्गेट आत्ता गर्दीत वाढवायचं नाही, सगळे जीव तोडून काम करत असताना मोजलेला आकडा वर्षभराचा नसतो.

१५ ऑक्टोबर

उत्तर नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरने मात्र कळवलं की तिच्या पाळीत माणसं आपसातच बदलायला लागलीत, तिने नुसती मान डोलावली.

३० ऑक्टोबर

आगीची कवायत. अलार्म वाजला की रोबोट आहे तिथे थांबतात, असं मूळ सेटिंग. ऐकायला सुरक्षित, पण २.४ मीटरच्या गल्लीत थांबलेल्या रोबोटने पळणाऱ्या माणसांची वाट अडते. आता अलार्मचा सिग्नल थेट मध्यवर्ती संगणकाला जोडलाय: अलार्म झाला की रोबोट जवळच्या खोबणीत शिरून मगच थांबतात, बाहेर पडायच्या दारांसमोर आणि फायर शटरखाली कुणीही थांबत नाही. नेटवर्क गेलं तर हाच क्रम रोबोटच्या स्वतःच्या स्मृतीतून चालतो, कारण आगीत पहिलं जातं ते नेटवर्कच.

कवायतीत एक पिकर परत आत शिरला, मोबाइल विसरला म्हणून. त्याला रोबोटने अडवलं नाही, वॉचमनने अडवलं.

११ नोव्हेंबर

बैठक. क्लायंट, आमची कंपनी, विक्रेता, आणि या वेळी पिकरांकडून दोघी. एका चौकटीत सगळं बसलं नाही.

टार्गेट वाढलं, मेलमधल्या आकड्याइतकं नाही. मार्चमध्ये पुन्हा पाहायचं. वाट पाहण्याचा वेळ वेगळा धरायचा हे मान्य. दोन तासांनी माणसं बदलायचं दिवसपाळीला मान्य, रात्रपाळीत माणसं कमी म्हणून ‘शक्य तिथे’. शक्य तिथे म्हणजे काय ते रात्रपाळीची सुपरवायझर ठरवणार, हे मी मिनिट्समध्ये घालून घेतलं.

खरा वाद झाला नोंदींवर. प्रत्येक पिकर रोबोटच्या पडद्यावर आपल्या कार्डाने लॉग-इन होतो. त्यामुळे कोण कुठल्या बिनपाशी किती सेकंद थांबला हे सगळं साठतं. ढकलगाडीच्या दिवसांत ते कुणालाच माहीत नसायचं. क्लायंटला नावानिशी रोजचा तक्ता हवा. आमच्याकडून मांडलं की सुपरवायझरला गल्लीचा एकूण आकडा दिसावा, नाव दिसू नये. दोघींपैकी एकीने विचारलं, “आणि आम्हाला आमचा दिसेल का?” यावर टेबलाभोवती कुणाकडेच उत्तर नव्हतं, कुणी तो विचार केलाच नव्हता. मार्चपर्यंत तक्ता गल्लीनिहाय राहील आणि ज्याचा आकडा त्याला स्वतःच्या पडद्यावर दिसेल, असं ठरलं. विक्रेत्याला यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागेल, तो डिसेंबरअखेर देतो म्हणालाय.

बाकी राहिलेलं: रीचट्रकवर निळा दिवा बसवायचा, चालकांचीच मागणी. चौथ्या गल्लीचा सांधा पुन्हा उखडलाय, या वेळी एपॉक्सीने भरायचा. दुसरी शेड उताराने जोडायचा प्रस्ताव आलाय. भरलेल्या क्रेटसह त्या उतारावर थांबायची चाचणी झाल्याशिवाय होकार नाही. डॉकपर्यंत रोबोट नेण्याचा विषय क्लायंटने पुन्हा काढला. मुकादमांना बोलावल्याशिवाय त्यावर बैठक लावू नका असं उत्तर दिलंय, तारीख अजून आलेली नाही.